उसनं अवसान आणायचं ते असं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात अकराला मुलाखत असते. पावणेअकराला तळहात ओले, घसा कोरडा. घरून फोन येतो, ‘घाबरू नकोस, कॉन्फिडंट राहा.’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगत नाही.

आव आणल्याने मन बदलतं का? बदलतं, पण थोडंच. आपण घाबरतो म्हणून थरथरतो असं नाही, थरथरतो म्हणून घाबरतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये मांडलं. १९८८ मधल्या एका प्रयोगात लोकांना दातांत पेन धरायला लावून व्यंगचित्रं दाखवली. गाल हसरे झाल्यामुळे त्यांना चित्रं जास्त गमतीची वाटली, असा निष्कर्ष निघाला. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा फरक दिसला नाही. मग २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर मोठी चाचणी झाली. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली, किंवा गाल मुद्दाम वर उचलले, तर आनंद किंचित वाढला. पेनचं मात्र ठाम काही दिसलं नाही. तेव्हा पेन खिशातच राहू द्या.

कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहण्याचा सल्लाही तसाच. २०१० मध्ये ४२ लोकांवरच्या प्रयोगात त्याने हार्मोन्स बदलतात असं म्हटलं गेलं. २०१५ मध्ये २०० लोकांवर पाहिलं, तर हार्मोन्स हलले नाहीत. ‘बळ आल्यासारखं वाटतं’ एवढं मात्र लोकांनी सांगितलं. मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनी पुढच्याच वर्षी आपला त्यावर विश्वास राहिला नाही, असं जाहीर केलं. आमच्या मते या पोझचा एक तोटाही आहे: छाती फुगवली की माणूस श्वास कोंडून धरतो आणि पहिलंच वाक्य धापेत निघतं.

आता प्रत्यक्ष कृती.

नाशिकरोडकडून येणार असाल तर द्वारका चौकातल्या कोंडीसाठी अर्धा तास हातचा ठेवा. धावत पोचलेल्या माणसाला छाती धावल्याने उडतेय की भीतीने, तेच कळत नाही, आणि तो ती भीतीच समजतो. रिक्षा गेटपर्यंत नेऊ नका. दोन-तीनशे मीटर आधी उतरा आणि ओळखीच्या ठिकाणी निघाल्यासारखे, नजर समोर ठेवून चाला. मे महिन्यात शंभर मीटर पुरे. शर्ट पाठीला चिकटला तर सगळं मुसळ केरात.

बाकावर बसल्यावर पाठ टेकवा, दोन्ही पाय जमिनीवर, तळहात मांडीवर मोकळे. मोबाइल खिशात. मान घालून स्क्रीनमध्ये बसलेलं शरीर आपोआप आक्रसतं. मग श्वास: नाकाने भरून घ्या, भरल्यावर वर आणखी एक छोटा घोट नाकानेच ओढा, आणि तोंडाने जमेल तितका लांबवत सोडा. लांब सोडणं हाच त्यातला कामाचा भाग. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या चाचणीत लोकांनी हे रोज पाच मिनिटं, महिनाभर केलं आणि त्यांचं मन अधिक प्रसन्न राहिलं. म्हणून सुरुवात मुलाखतीच्या दिवशी नको, आधीपासून करा. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही फार जोरात ओढताय. थांबा, साधा श्वास घ्या.

धडधड तरीही राहील. तिला दाबू नका, तिचं नाव बदला. हार्वर्डच्या संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणारे सरस ठरले. भीती आणि हुरूप या दोन्हींत नाडी पळतेच. पळती नाडी एकदम थांबवण्यापेक्षा तिची दिशा बदलणं सोपं. मिरवणूक निघण्याआधी ढोल कमरेला बांधून उभ्या असलेल्या पोरांची छातीही अशीच उडते, पण तिला भीती कोण म्हणतं?

पहिलं वाक्य पाठ असू द्या, फक्त पहिलंच: ‘मी मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, दीड वर्ष सीएनसी मशीनवर होतो.’ घरी उभं राहून, मोठ्याने, पाच वेळा म्हणा. वाक्याच्या शेवटी आवाज विरतो, तिथे चाचपडल्यासारखं वाटतं. शेवटचा शब्द पूर्ण उच्चारा. सगळंच पाठ केलंत तर मधला एक शब्द निसटल्यावर पुढचं डबे घसरल्यासारखं होतं.

‘मी सर्वगुणसंपन्न आहे’ छापाचं आरशासमोर घोकू नका. २००९ च्या एका प्रयोगात, स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांना अशा वाक्यांनी उलट वाईट वाटलं, कारण मन लगेच पुरावा मागतं. त्याऐवजी पुरावा असलेलं वाक्य घ्या: ‘मागच्या महिन्यात तीन ड्रॉइंग वेळेत दिली.’

आनंदाचं गणित जरा वेगळं. मन उतरलेलं असताना ‘इच्छा झाली की जाऊ’ म्हटलं तर इच्छा होतच नाही. आधी पाय, मग मन. ‘उद्यापासून रोज पांडवलेणीच्या पायऱ्या’ हा बेत तिसऱ्या दिवशी बारगळतो. कृषीनगर जॉगिंग ट्रॅक, संध्याकाळी सहा, वीस मिनिटं, एवढं नेमकं लिहा. तेही झेपत नसेल तर चप्पल घालून कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत.

काउंटरवर किंवा रिसेप्शनला दिवसभर खोटं हसणाऱ्यांना यातलं हसणं लागू नाही. आत एक आणि तोंडावर एक, असं आठ तास ओढलं की माणूस थकतो. तिथे हसू ओढण्याऐवजी समोरचा गिऱ्हाईक आपल्या ओळखीचा असता तर कसं बोललो असतो, तसं बोला. आणि ड्यूटी संपल्यावर पंधरा मिनिटं कुणाशीही गोड बोलायची सक्ती नको. घरात कुणी गेलं असेल तर आनंदाचा आव मुळीच आणू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, झोप आणि भूक बिघडलेली असेल तर हे उपाय बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.

तुमच्या बाबतीत काय चालतं ते वहीत कळेल. कृतीआधी आणि नंतर मनाला शून्य ते दहात आकडा द्या, दोन आठवडे. ज्याने आकडा हलत नाही ते सोडून द्या. मुलाखतीच्या दिवशी मात्र एक आकडा गेटबाहेर आणि दुसरा परतीच्या रिक्षात. आत बसून स्वतःला मोजायला लागलात तर साहेबांचा प्रश्न निसटतो.