पहिली क्रूझ? या चुका टाळा, आम्ही केल्यात तेवढ्या पुरेत

घाटात गाडी लागते तशी समुद्रात बोट लागते. माझी आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून मालवणला जायची, तेव्हापासूनचा आमच्या घरातला हा शब्द, आणि क्रूझचं ठरलं तेव्हा आईने पहिलं तेच विचारलं, "अरे पण मला बोट लागेल का?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आई, बोट नाहीये गं ती, फाइव्ह स्टार हॉटेल आहे, फक्त पाण्यावर आहे." झालं. पुढे आम्ही ज्या ज्या म्हणून चुका केल्या त्या सगळ्या ह्या एका वाक्यातून निघाल्या, कारण हॉटेल समजून गेलो आणि निघाली ती बोटच.

आधी मुंबईहून गोव्याला गेलो, मग दोन वर्षांनी सिंगापूरहून निघणारी एक केली, त्यामुळे खाली दोन्हीकडचं मिसळून लिहितोय.

निघायच्या दिवशीच घोळ

हॉटेलला रात्री अकराला पोचलात तरी रूम मिळते. बोट थांबत नाही. तिकिटावर पाच वाजता सुटणार लिहिलंय म्हणजे साडेचारला पोचलं की झालं असं नसतं, चेक-इनचं काउंटर साधारण तास-दीड तास आधीच बंद होतं, आणि त्याआधी सामानाचा एक्स-रे, ओळखपत्र, फोटो, कार्ड अशी रांग असते. आम्ही डोंबिवलीचे, रविवार होता, मेगाब्लॉक होता, म्हणून कॅब केली, आणि ड्रायव्हरने "बोट" एवढंच ऐकून सरळ भाऊच्या धक्क्यावर नेलं, तिथे मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो फेरी उभी! त्याची चूक नाही म्हणा, मीच नीट सांगितलं नव्हतं. मोठ्या क्रूझ बॅलार्ड पियरला लागतात, तिथलं नवीन इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल, सीएसएमटीपासून टॅक्सीने अगदी जवळ. ड्रायव्हरला 'बॅलार्ड पियर' सांगा. पी. डिमेलो रोडवर कंटेनरच्या ट्रकांमागे अडकलात तर वीस मिनिटं गेलीच समजा, तेवढं धरून निघा. पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांनी खरंतर आदल्या रात्री मुंबईत यावं. परदेशातून बोट पकडायची असेल तर हे डबल लागू, त्याच दिवशीचं विमान घेऊ नका, विमान लेट झालं तर बोट तुमच्यासाठी थांबणार नाही.

नावाचं पण बघून घ्या. आपल्याकडे आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, मधलं नाव कुठे वडिलांचं कुठे नवऱ्याचं, माझ्या बायकोच्या पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव आहे आणि बुकिंग सासरच्या आडनावाने केलेलं. आठवडाभर आधी लक्षात आलं म्हणून दुरुस्त झालं. परदेशी क्रूझला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालणारा हवा, आणि व्हिसा जिथे जिथे बोट लागते त्या प्रत्येक देशाचा स्वतः तपासा, एजंट म्हणाला म्हणून सोडू नका. शिवाय ज्या देशातून निघालात तिथेच परत उतरणार असाल तर त्या देशात ती तुमची दुसरी एंट्री असते हे खूप जणांच्या डोक्यात येतच नाही, व्हिसा मल्टिपल एंट्रीचा पाहिजे.

बॅग आलीच नाही!

टर्मिनलवर मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. बाकीच्यांच्या आल्या, आमची एक आली नाही. रिसेप्शनला फोन केला तर म्हणे सिक्युरिटीकडे या. तिथे जाऊन बघतो तर टेबलावर आमचा संसार मांडलेला: आईची अगरबत्ती, काडेपेटी, निरांजन, माझी छोटी इस्त्री, चहाची इलेक्ट्रिक किटली, आणि चकल्यांचा डबा. समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते, तिथे काय बाहेर पळायला रस्ता थोडाच आहे, त्यामुळे ज्योत आणि तापणारी कॉइल असलेलं काहीही चालत नाही, एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा बहुतेक ठिकाणी काढून घेतात. घरचं खाणं बहुतेक कंपन्या घेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं किंवा डॉक्टरने सांगितलेलं काही असेल तर आधी विचारून ठेवा. सामान शेवटच्या दिवशी परत मिळालं, चकल्या नाही मिळाल्या. (आई अजून त्या चकल्यांचा विषय काढते.)

म्हणून हातातल्या पिशवीत काय ठेवायचं ते आधीच ठरवा: औषधं, कागदपत्रं, चार्जर, पोरांचे पोहायचे कपडे, एक शाल. शाल हसण्यावारी नेऊ नका, थिएटरमधला एसी मारतो. आणि हो, परदेशी बोटींवर टॉयलेटला जेट स्प्रे नसतो, फक्त कागद. एक छोटा प्लॅस्टिकचा मग न्या, मी काही जास्त बोलत नाही. टॉयलेट व्हॅक्यूमचं असतं, त्यात काही भलतंसलतं टाकलं तर एकट्या तुमचंच नाही, ओळीतल्या इतरांचंही तुंबू शकतं.

आमच्या मजल्यावरचे एक काका बाल्कनीतून दर्याला नारळ वाहणार होते. भावना चांगलीच, आपल्याकडे नारळी पौर्णिमेला वाहतातच, पण बोटीवरून समुद्रात काहीही टाकायला बंदी असते, प्लॅस्टिक तर आंतरराष्ट्रीय कायद्यानेच कुठल्याही समुद्रात टाकता येत नाही. केबिनवाल्या मुलाने हात जोडून नारळ परत आत ठेवायला लावला.

केबिन घेताना फोटो बघू नका, नकाशा बघा

आतली बिनखिडकीची केबिन म्हणजे दहा बाय बाराची खोली समजा, डोंबिवलीकरांना त्यात नवीन काही नाही. पण स्वस्त मिळाली म्हणून कुठलीही घेऊ नका. बोट सी-सॉसारखी असते, मध्यभागी कमी हलते, टोकांना आणि वरच्या मजल्यांना जास्त. ज्याला बोट लागते त्याने खालच्या मजल्यावरची आणि मधोमध असलेली केबिन घ्यावी, लोक नेमकं उलट करतात, जास्त पैसे देऊन सगळ्यात वरची पुढची बाल्कनी घेतात आणि मग ओकत बसतात. डेकचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो. डोक्यावर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज, खाली डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत धाडधाड. आणि 'सी व्ह्यू' लिहिलेलं असलं तरी खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना हे विचारा.

'लक्झरी'चं पण एक सांगतो. आपल्याकडे पाण्यावर एसी चालू असला की सगळंच लक्झरी. खरी लक्झरी म्हणवणारी जहाजं म्हणजे सिल्व्हरसी, सीबॉर्न, रीजंट वगैरे, ती लहान असतात, पाच-सातशे लोकांची, आणि तिकिटात बरंचसं खाणंपिणं, टीप सगळं धरलेलं असतं. बाकी मोठी जहाजं म्हणजे तरंगती गावं, २०२४ मध्ये निघालेल्या आयकॉन ऑफ द सीजवर तर सात हजारांच्या वर प्रवासी मावतात. तिथे तिकीट स्वस्त दिसतं आणि बाकीचं बिलावर चढत जातं: पोर्ट चार्जेस, टॅक्स, दारू, कोल्ड्रिंक, वेगळी रेस्टॉरंट्स, स्पा, वायफाय. टीप माणशी दिवसाला साधारण पंधरा-वीस डॉलर आपोआप लागते, चौघांचे पाच दिवस म्हणजे गुणाकार करा. सगळं बोटीने दिलेल्या एका कार्डावर चालतं, खिशातून नोट निघत नाही त्यामुळे खर्च कळत नाही. पोरांच्या कार्डाला लिमिट लावून घ्या, आमच्या चिरंजीवांनी व्हिडिओ गेममध्ये जे उडवलं त्यात गोव्याला एक मस्त मासळीची थाळी आली असती. बिलासाठी बँकेचं डेबिट कार्ड देऊ नका, पैसे ब्लॉक करतात आणि सुटायला दिवस लागतात.

मोबाइल

मुंबई मागे पडली की थोड्या वेळाने रेंज जाते आणि मग फोन हळूच जहाजावरचं सॅटेलाइटचं नेटवर्क पकडतो. ते साध्या रोमिंगच्या पॅकमध्ये बसेलच असं नाही, आणि नाही बसलं तर बिल बघून खरोखर बोट लागेल. बोटीत शिरतानाच एअरप्लेन मोड, मग हवं तर वायफाय. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इकडे मावशीने नवस बोलायला घेतलेला असतो.

आता खरंच बोट लागली तर

आईला लागली. जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी डावी-उजवी डुलणं बरंच कमी होतं, पण पुढचं टोक वर-खाली होतं ते राहतंच. आणि आम्ही काय केलं, तिला बंद केबिनमध्ये झोपवलं. चूक! कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात भिंत तर जागची हलत नाही, दोघांचं भांडण होतं आणि त्रास पोटाला. बाहेर न्या, मधल्या डेकवर, जिथे समुद्र आणि आभाळ मिळतं ती रेघ दिसेल तिथे बसवा आणि तिकडेच बघायला सांगा. पोट रिकामं ठेवू नका, कोरडा टोस्ट, घोट घोट पाणी. आलेपाकाच्या वड्यांनी आईला खूप बरं वाटलं. ॲव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर ती बोट हलायच्या आधी तासभर घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकतच नाही. त्या गोळीने झोप येते, दारूबरोबर नको, आणि बीपी-शुगरवाल्यांनी, म्हाताऱ्या माणसांनी आधी आपल्या डॉक्टरला विचारा. उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, आई ओट्याला धरून पोळ्या लाटत होती, ते आपोआप जातं, नाही गेलं तर दाखवा.

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो म्हणून मुंबईचा क्रूझ सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पहिलीच वेळ असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा.

बोटीवरचा डॉक्टर चांगला असतो पण महाग, आणि घरचा मेडिक्लेम तिथे चालेलच असं नाही, हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर विचारूच नका, तेव्हा प्रवासाचा विमा घ्याच. प्रेग्नन्सी असेल तर बहुतेक कंपन्या प्रवास संपायच्या आत २४वा आठवडा लागणार असेल तर घेतच नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळही नाही. हात साबणाने धुवा, बोटीवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरने नीट मरत नाही.

ड्रिलला दांडी मारू नका

ड्रिल म्हणजे संकट आलं तर काय करायचं त्याची तालीम. बोट सुटायच्या सुमारास भोंगा होतो, सात छोटे आणि एक लांब, आणि सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी जावं लागतं. लोक वैतागतात, बुफेची लाइन सोडून कुठे जायचं म्हणतात, आमच्या बाजूचा ग्रुप तर बारमध्येच बसून होता, शेवटी स्टाफने उठवून आणलं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाने २४ तासांत केली तरी चालायची. नंतर नियम बदलला, आता सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या करावीच लागते. आणि आपल्याला इटली कशाला पाहिजे, १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली तेव्हा सहाशेच्या वर माणसं गेली. आजी त्या बोटीचं नाव काढलं की गप्प व्हायची. वीस मिनिटं द्या, आपली लाइफबोट कुठली ते जिन्याने चालत जाऊन बघा, लिफ्टने नाही.

बंदरावर उतरताना

गोव्याला बोट लागते ती मुरगावला, म्हणजे वास्कोला. लोकांना वाटतं उतरलं की समोर कळंगुट. कळंगुट तिथून चाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन अर्धा दिवस टॅक्सीतच गेला. त्यापेक्षा बोगमाळो जवळ आहे, किंवा पणजी करा. काही ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नाही, खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, आजीच्या भाषेत पडाव. समुद्र खराब असला तर ते बंदर रद्द होतं, भांडून उपयोग नाही.

फुकेतला आमची खरी फजिती झाली. बोट सिंगापूरच्या वेळेवर चालत होती आणि थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. मोबाइलने गुपचूप तिथली वेळ लावून घेतली. मी बीचवर नारळपाणी पीत घड्याळ बघतोय, तीन वाजलेत, साडेचारला परत जायचंय, निवांत! बायकोचं मनगटावरचं साधं घड्याळ चार दाखवत होतं म्हणून वाचलो. साधं घड्याळ लावून जा, बोटीची वेळ लावून. बोटीकडूनच घेतलेली टूर लेट झाली तर सहसा बोट थांबते किंवा ते तुमची सोय करतात, स्वतः फिरायला गेलात तर जबाबदारी तुमची. रोजच्या पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, बोट चुकलीच तर पहिला फोन त्यालाच.

शेवटची रात्र

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. बिल त्याच रात्री टीव्हीवर किंवा ॲपवर बघून घ्या, सकाळी रिसेप्शनला मारुतीच्या देवळाएवढी लाइन असते. आणि सकाळी घालायचे कपडे, ओळखपत्र, औषधं बाहेर काढून ठेवा. बाबा फार शिस्तीचे, त्यांनी रात्री दहालाच सगळं घडी घालून भरलं, कुलूप लावलं, बॅग बाहेर. सकाळी उठून बघतात तर अंगात गंजी आणि पट्ट्यापट्ट्याचा लेंगा. माझी पँट त्यांना होईना. शेवटी वर आईची शाल घेऊन तसेच लेंग्यात बॅलार्ड पियरला उतरले, आणि टॅक्सीवाल्याने आदराने विचारलं, "काका, हॉस्पिटलला सोडू का?"