दशावतारात पडदा लावताय? या चुका टाळा

कार्तिकात सिंधुदुर्गातल्या जत्रा आणि त्यांतली दशावतारी नाटकं सुरू होतात. हल्ली ट्रिकसीनच्या, म्हणजे चमत्काराची दृश्यं दाखवणाऱ्या, दशावतारात प्रोजेक्टर, एलईडी वॉल सर्रास दिसतात. वापरा की, पण नटाच्या नाचावर कुरघोडी होऊ देऊ नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्ख्या आख्यानाचा एकच सलग व्हिडिओ करणं. दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात. राजा दरबारात किती बोलेल, युद्धनृत्य किती रंगेल, ते त्या रात्रीच ठरतं. मृदंगवाल्याने लय चढवली की ठरीव लांबीचा व्हिडिओ मागे पडतो आणि नट पडद्याकडे बघून पावलं टाकू लागतो. मला हे बघवत नाही. व्हिडिओचे तुकडे करा: अरण्य आणि दरबार लूपवर फिरू द्या, वीज आणि अस्त्र एका बटणावर सोडा. क्यूलॅब किंवा रेझोल्यूम या सॉफ्टवेअरवर हे सहज जमतं. बटण दाबणाऱ्याला मृदंगवाल्याचे हात दिसतील असं बसवा, आणि माणूस आख्यान जाणणारा निवडा. सॉफ्टवेअर चार दिवसांत शिकवता येतं, तालाची समज येत नाही. विजेचा आवाज ब्लूटूथवरून सोडू नका, तो उशिरा पोहोचतो. सरळ वायर जोडा.

प्रोजेक्टर समोर ठेवला की सरस्वतीच्या पात्राच्या तोंडावर व्हिडिओतल्या लाटा आणि पडद्यावर तिची सावली. जागा असेल तर मागून प्रक्षेपण करा, नसेल तर प्रोजेक्टर उंच टांगा आणि नटांवरचा उजेड बाजूने द्या.

एलईडी वॉल पूर्ण उजेडावर चालवली तर चेहरे काळे पडतात, रंगभूषेची मेहनत वाया जाते. उजेड कमी करून अंधार पडल्यावर प्रेक्षकांत बसून बघा. काळ्या वेशातला संकासुर राक्षस मात्र गडद चित्रापुढे हरवतो; त्याच्यामागे फिका रंग हवा.

स्पीकरमध्ये घरघर येत असेल तर आधी अर्थिंग तपासा. दिवे आणि साउंड एकाच लाइनवर असतील तर वेगळे करा. लांब एचडीएमआय केबलवर चित्र तुटतं, तिथे फायबरची केबल घ्या. खाऱ्या हवेत पिना गंजतात, त्या प्रयोगाआधी पुसा. जनरेटर बंद पडला तरी प्रोजेक्टरचा पंखा चालू राहावा म्हणून छोटा यूपीएस जोडा.

धुराच्या मशीनचं तोंड नाचाच्या जागेकडे करू नका. द्रव खाली बसून फळ्या निसरड्या होतात, आणि नट अनवाणी नाचतात.