आधी आपल्याच डिस्कवर संशय घ्या: कल्चर लॅबमधल्या त्याच त्या चुका

जिल्हा रुग्णालयाच्या कल्चर लॅबमध्ये, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जंतू वाढवून तपासणाऱ्या लॅबमध्ये, प्रशिक्षण द्यायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, आपल्याला मशीन कधी मिळणार?" मशीन म्हणजे जंतू ओळखून त्याला कोणतं प्रतिजैविक चालेल याचा कागद छापून देणारं यंत्र. मी उलट विचारतो, "कंट्रोल शेवटचा कधी लावला?" मग कुणाला तरी अचानक सेंट्रिफ्यूजचं काम आठवतं.

मशीनला माझा विरोध नाही. पण मशीनची कार्डं संपली की फेब्रुवारीत निधी नसतो, आणि मग पुन्हा पेट्री डिश, स्वॅब आणि डिस्क. डिस्क म्हणजे औषध मुरवलेली कागदाची चकती. जंतू पसरलेल्या प्लेटवर ती ठेवली आणि औषध चालत असलं, की तिच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ उरतं. तो झोन. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर नजर ठेवायची तर ती याच साध्या सामानावर ठेवावी लागणार आहे, आणि ती ठेवता येते. मी पुन्हा पुन्हा पाहतो त्या चुका यंत्राअभावी होत नाहीत. घाईने होतात.

सगळे रेझिस्टंट? मग आधी फ्रिज उघडा

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका रुग्णालयातून फोन आला. नाव सांगत नाही. तीन आठवड्यांपासून अतिदक्षता विभागातला जवळजवळ प्रत्येक क्लेबसिएला आणि ई. कोलाय इमिपेनेम या वरच्या पायरीच्या प्रतिजैविकाला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा, येत होता. त्याच गटातल्या मेरोपेनेमच्या डिस्क संपलेल्या, त्यामुळे ताडून बघायला दुसरं काही नाही. फिजिशियन घाबरले होते. एकेक रुग्ण कोलिस्टिनवर जात होता. हे औषध किडनीला जड, म्हणून बाकी काही चालत नसेल तेव्हाच काढायचं. वॉर्ड बंद करायची भाषा सुरू झाली होती.

मी एसटीने गेलो. सोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ची एक स्लांट, म्हणजे तिरक्या माध्यमावर जंतू वाढवलेली नळी. हा आपला कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा जंतू. १० मायक्रोग्रॅम इमिपेनेमच्या डिस्कभोवती त्याचा झोन २६ ते ३२ मिलिमीटर यायला हवा. कमी आला किंवा जास्त आला, दोन्ही वेळा दोष तुमचा. जंतू बिचारा तोच आहे.

रजिस्टर मागवलं. इमिपेनेमसमोर २८, २८, २८, २८. रविवारी २८. १ मेला, सुट्टीच्या दिवशीही २८. एकाच पेनाने. लॅबमधल्या ताईंना बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं. स्ट्रेन मार्चमध्येच मेला होता. नवा मागवला होता, आला नव्हता. तपासणीला येणारे साहेब रिकामा रकाना बघून ओरडतात, म्हणून रकाना भरला जात होता. ताईंवर मला राग आला नाही. रिकाम्या रकान्याला शिक्षा आणि खोट्या आकड्याला शाबासकी मिळत असेल, तर कुणीही २८च लिहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्ट्रेनचा झोन मोजला. १९. शेजारच्या मेडिकल कॉलेजातून मागून आणलेल्या डिस्कने, त्याच प्लेटवर, २९.

मग फ्रिज उघडला. घरगुती फ्रिज, डिस्कची कार्ट्रिज दारातल्या कप्प्यात, शेजारी डबा आणि दही. इन्व्हर्टरच्या लाइनवर संगणक होता, फ्रिज नव्हता. दुपारी वीज गेली की डिस्क कोमट होत होत्या, आणि इमिपेनेम हे फार नाजूक औषध, ओलावा आणि उष्णता दोन्हीला लगेच उतरतं. डिस्कमधलं औषध उतरलं की झोन लहान येतो आणि चांगला सेन्सिटिव्ह, म्हणजे औषधाला दाद देणारा, जंतू कागदावर रेझिस्टंट होतो. जपून ठेवलेले अकरा जंतू आम्ही नव्या डिस्कने पुन्हा लावले. सात सेन्सिटिव्ह निघाले. चार खरोखरच रेझिस्टंट होते, आणि त्या सातांच्या गर्दीत ते चार कुणाला वेगळे दिसलेच नव्हते. माझ्या मते नुकसान तिथे झालं.

माझी सवय सांगतो, पद्धत म्हणून नाही. साठ्याच्या डिस्क उणे २० अंशांवर. आठवड्याला लागतील तेवढ्याच फ्रिजमध्ये, आतल्या कप्प्यात, सिलिका जेलच्या डब्यात. डबा बाहेर काढला की तासभर तसाच ठेवायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग उघडायचा. गार डबा लगेच उघडला की डिस्कवर दव धरतं. नवी मुलं हा तास वाचवतात. वाचवलेल्या तासाचं काय करतात, ते मोबाइलच जाणे. कंट्रोल दर आठवड्याला, आणि डिस्कचा किंवा माध्यमाचा नवा लॉट उघडला की त्या दिवशी, मग वार कोणताही असो. स्ट्रेन मिळाला की पहिल्याच दिवशी त्याच्या ग्लिसरॉलमध्ये छोट्या कुप्या करतो, महिन्याला एक याप्रमाणे. एकच स्लांट वर्षभर इकडून तिकडे उतरवत बसाल तर शेवटी हातात काय उरतं ते देवालाही सांगता येणार नाही.

आणि झोन बिघडला तर रकान्यात बिघडलेलाच आकडा लिहा. लाल पेनाने लिहा.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

प्लेट पातळ ओतू नका. तिच्यातलं घट्ट माध्यम, म्युलर-हिंटन अगर, ४ मिलिमीटर जाड हवं, म्हणजे ९० मिलिमीटरच्या प्लेटला साधारण २५ मिलिलिटर. बाटलीत पाच प्लेटांचं अगर असताना आठ ओतल्या की झोन फुगतात आणि रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह म्हणून सुटतो. काटकसर महिन्याच्या वाणसामानात करावी.

सस्पेन्शनचा, म्हणजे द्रवात कालवलेल्या जंतूंचा, गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या मापाशी जुळवा, काळ्या रेघांच्या कार्डापुढे धरून. "अंदाज आहे सर मला" म्हणणाऱ्यांचं सस्पेन्शन मी मुद्दाम मोजायला लावतो. बहुतेकदा दाटच निघतं. सस्पेन्शन तयार झाल्यावर पंधरा मिनिटांत प्लेटवर.

लहान प्लेटवर दहा डिस्क कोंबू नका. पाच, फार तर सहा.

ब्लड अगरसाठी रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशव्या वापरणं बंद करा. मेंढीचं रक्त मिळवणं कटकटीचं आहे हे मान्य. पण माणसाच्या रक्तात अँटिबॉडी असतात, कधी दात्याने घेतलेलं औषधही असतं, आणि हिमोलिसिस, म्हणजे जंतूने रक्तपेशी फोडल्याची खूण, नीट वाचता येत नाही.

क्लेबसिएला ॲम्पिसिलिनला सेन्सिटिव्ह, प्रोटियस कोलिस्टिनला सेन्सिटिव्ह, असा रिपोर्ट सहीला आला तर सही करू नका. हे जंतू त्या औषधांना जन्मजात रेझिस्टंट आहेत. एकतर ओळख चुकली आहे किंवा प्लेट.

कोलिस्टिनची डिस्क प्लेटवर ठेवून झोन मोजणं हा तर निव्वळ वेळेचा अपव्यय. रेणू मोठा, अगरमध्ये नीट पसरतच नाही. पण त्यासाठी महागडं काही लागतं असंही नाही. प्रत्येकी १० मिलिलिटर म्युलर-हिंटन ब्रॉथच्या, म्हणजे पातळ माध्यमाच्या, चार नळ्या घ्या, ब्रॉथ कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला हवा. त्यांत १० मायक्रोग्रॅमच्या कोलिस्टिन डिस्क अनुक्रमे शून्य, एक, दोन आणि चार टाका. मिलिलिटरला ०, १, २, ४ मायक्रोग्रॅम अशी मात्रा तयार. औषध ब्रॉथमध्ये उतरू द्या, जंतू घाला, दुसऱ्या दिवशी कुठल्या नळीपर्यंत वाढ आहे ते बघा. ई. कोलाय, क्लेबसिएला ज्यात येतात त्या एंटेरोबॅक्टेरेल्स गटाला आणि सुडोमोनासला चालतं. ॲसिनेटोबॅक्टरला नाही.

रक्ताची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. लघवीचा नमुना दोन तासांत लावला जाणार नसेल तर ठेवायचा. बहुतेक वॉर्डांत मला याच्या बरोबर उलटं दिसतं: लघवी खिडकीत उन्हाला, आणि रक्त इन्सुलिनशेजारी.

दोन मिलिलिटरचं कल्चर

"आमच्याकडे ब्लड कल्चर पॉझिटिव्हच येत नाहीत" ही तक्रार घेऊन आलेल्यांना मी बाटलीत रक्त किती असतं ते बघायला सांगतो. दोन मिलिलिटर, तीन मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या रक्तात जंतुसंसर्ग असतानाही कित्येकदा मिलिलिटरमागे एखादाच जंतू असतो. दोन मिलिलिटर काढलं तर तो सापडणं नशिबावर. प्रौढाला बाटलीमागे ८ ते १० मिलिलिटर, दोन वेगवेगळ्या जागी टोचून, आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी. लहान मुलांचा हिशेब वेगळा, त्यांच्या बाटल्याही वेगळ्या.

हे लॅबमध्ये बसून सुटत नाही. वॉर्डात जाऊन सिस्टरांशी बोलावं लागतं. स्पिरिट लावून लगेच टोचू नका, वाळू द्या, बाटलीचं रबरही पुसा, हे मी रात्रपाळीच्या सिस्टरांना समोर उभं राहून सांगतो, कारण भिंतीवरचं परिपत्रक कुणी वाचत नाही. मीही वाचत नाही.

भिंतीवरचा जुना तक्ता

लॅमिनेट केलेला, कोपरे पिवळे पडलेला तक्ता जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये असतो. किती मिलिमीटरला सेन्सिटिव्ह म्हणायचं हे ठरवणारे सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेचे आकडे मात्र दरवर्षी तपासले जातात. एंटेरोबॅक्टेरेल्ससाठी मेरोपेनेमचा झोन पूर्वी १६ आला तरी सेन्सिटिव्ह होता. २०१० पासून २३ लागतात, आणि १९ किंवा त्याखाली रेझिस्टंट. म्हणजे १८चा झोन जुन्या तक्त्यावर पास आणि नव्यावर नापास. सिप्रोफ्लॉक्सासिनचंही २०१९ मध्ये तेच झालं, सेन्सिटिव्हसाठी २१ ऐवजी २६.

म्हणून रजिस्टरमध्ये नुसतं एस, आय, आर (सेन्सिटिव्ह, मधलं, रेझिस्टंट) लिहू नका. मिलिमीटर लिहा. व्होनेट हे बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये तयार झालेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मिलिमीटर भरलेले असतील तर त्यात जुनी वर्षंही नव्या आकड्यांनी पुन्हा वाचता येतात. नुसतं आर लिहिलं असेल तर ते कायमचं आर.

एकाच आजोबांचे नऊ जंतू

ही माझी दुसरी दुखरी नस. एका बैठकीत पडद्यावर आलेख होता: क्लेबसिएला, मेरोपेनेमला ७५ टक्के रेझिस्टंट. सगळे गंभीर. मी मूळ यादी मागितली. वर्षभरात बारा क्लेबसिएला, त्यातले नऊ एकाच आजोबांचे. ते दीड महिना व्हेंटिलेटरवर होते आणि दर चार दिवसांनी नळीतला नमुना जात होता. नऊही रेझिस्टंट. उरलेले तिघे रुग्ण सेन्सिटिव्ह. रुग्ण मोजले तर चारांत एक. आणि चारांवरून टक्केवारी काढायचीच नसते. सीएलएसआयचा संकेत साधा आहे: एका रुग्णाचा एका जातीचा त्या काळातला पहिलाच जंतू धरा, आणि किमान ३० झाल्याशिवाय टक्के काढू नका. तीस होत नसतील तर दोन वर्षांचे एकत्र करा, किंवा नुसते आकडे द्या. "बारांपैकी" असं लिहायला लाज कसली?

यापेक्षा अवघड गोष्ट कोणाचे नमुने येतात ही. समजा लघवीच्या जळजळीने शंभर बायका ओपीडीत आल्या. ऐंशी पहिल्या गोळीने बऱ्या झाल्या, त्यांचं कल्चर कुणी पाठवलंच नाही. वीस जणींना गुण आला नाही, त्यांचं पाठवलं, चौदा रेझिस्टंट. लॅबचा आकडा ७० टक्के. गावातला खरा आकडा यापेक्षा बराच खाली असू शकतो. पण ७० वाचून डॉक्टर उद्यापासून पहिल्याच बाईला वरच्या पायरीचं औषध लिहितात, आणि मग काही वर्षांनी तो आकडा खरा होतो.

देशपातळीवरही ही अडचण आहेच. रेझिस्टंट जंतूंची नोंद ठेवणारं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) लॅबचं जाळं २०१३ पासून काम करतंय, एनसीडीसीचं (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) तसंच जाळं नार्स-नेटही आहे, पण त्यांत भर मोठ्या रुग्णालयांचा आणि मेडिकल कॉलेजांचा. तिथे पोचणारा रुग्ण आधी दोन-तीन ठिकाणची इंजेक्शनं घेऊन आलेला असतो. तालुक्याला पहिल्या दिवशी ताप घेऊन आलेल्या माणसाचा जंतू कसा आहे हे जिल्ह्याची लॅबच सांगू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची ग्लास ही अशीच जगभरची नोंद ठेवणारी व्यवस्था २०१५ मध्ये सुरू झाली, तिलाही फक्त पॉझिटिव्हची यादी पुरत नाही. किती जणांचे नमुने घेतले, हाही आकडा ती मागते. आपल्याकडे निगेटिव्ह कल्चर वहीतच चढवत नाहीत. "काही आलंच नाही, लिहायचं काय?" असं मला विचारतात. न आलेलंच लिहायचं. नाहीतर टक्के काढताना भागणार कशाने?

गेल्या महिन्यात त्या मे महिन्यातल्या लॅबच्या ताईंचा फोन होता. "सर, इमिपेनेमचा कंट्रोल आज २५ आलाय. त्या औषधाचे रिपोर्ट थांबवलेत. साहेब चिडलेत." एकाच मिलिमीटरसाठी का, असं साहेबांनी विचारलं होतं. मी म्हटलं, चिडू द्यात, नव्या लॉटने पुन्हा लावा. नवा लॉट आहे का, विचारलं. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, मार्चमध्ये दिलंय, म्हणाल्या.