अंड्याच्या टरफलांपासून हाडाचं खनिज

आपल्या हाडातलं खनिज आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट हे कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज, दोघं सख्खे नातेवाईक. हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये कॅल्शियमचे १० अणू असतील तर फॉस्फरसचे ६, म्हणजे गुणोत्तर १.६७. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. पुढची सगळी मेहनत तो सांभाळण्यासाठी.

दहा-बारा टरफलं उकळा, आतला पापुद्रा सोला, वाळवून कुटा. मफल भट्टीत (प्रयोगशाळेतली बंद विजेची भट्टी) ९०० अंशांवर तीन तास भाजलीत की पांढरीशुभ्र चुनकळी मिळते. ती हवेतली ओल ओढते, म्हणून डेसिकेटरमधून (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यातून) काढल्या काढल्या २८ ग्रॅम तोला आणि उकळून गार केलेल्या लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात थोडी थोडी विरवा. पाणी चांगलंच तापतं, गॉगल हवाच.

आता ॲसिड. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड ३४.६ ग्रॅम घेऊन अर्धा लिटर करा. पण लेबलवर विसंबू नका, आधी टायट्रेशन करून त्याची खरी तीव्रता मोजा, कारण हेही ओल ओढतं. मी एकदा जुनी, अर्धी बाटली तशीच वापरली. तयार पुडीच्या चकत्या भट्टीतून सुरेख निघाल्या. जुलैत आठवडाभरात कपाटात ठेवल्या जागी त्यांना भेगा पडल्या. चिमटीत धरलेली चकती रांगोळीसारखी सुटली. ॲसिड कमी पडल्यामुळे मोकळा चुना उरला होता, तो ओलीने फुगला. कुणाच्या हाडात हे झालं असतं तर, हा विचार अजून सोडत नाही.

ॲसिड ब्युरेटमधून (तोटीच्या मोजनळीतून) चुन्याच्या पाण्यात मिनिटाला ४ मिली, असं दोन तास सोडा, ढवळणं थांबवू नका. पीएच शेवटपर्यंत १०च्या वर हवा. उतरू लागला की अमोनिया घाला. नाहीतर कॅल्शियम कमी पडलेला साका बसतो आणि भाजताना त्यातून बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तयार होतं. ते शरीरात लवकर विरघळतं. दुधासारखा साका रात्रभर मुरला की गाळून, धुऊन ८० अंशांवर वाळवा.

चकत्या पाडून १२०० अंशांवर भाजायच्या, पण त्याआधी चिमूटभर पूड १००० अंशांवर भाजा, ओली करा आणि फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गुलाबी झाली तर मोकळा चुना उरलाय, अख्खा घाणा बाजूला काढा, एकही चकती पाडू नका.