मधुमेह असेल तर लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट कसा वाचावा

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीच्या तपासणीचा, कागद हातात आला की घरचे ठळक छापलेले आकडे शोधतात. ठळक काही दिसलं नाही की ‘सगळं नॉर्मल’ म्हणून कागद फाइलमध्ये जातो. टाइप २ मधुमेह असेल तर असं करू नका. शेजारी छापलेली मर्यादा सरसकट सगळ्यांसाठी असते, तुमची त्याहून कडक आहे.

रक्त शक्यतो दहा-बारा तास उपाशीपोटी द्या, पाणी चालतं. त्या सकाळची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा. आदल्या रात्री दारू नको, तिनं ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात.

रिपोर्टमध्ये आधी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, बघा. मधुमेहात तो साधारण १००च्या खाली हवा. सोबत बीपी, तंबाखू किंवा किडनीचा त्रास असेल तर ७०च्या खाली आणि हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ५५च्या खाली.

पण एलडीएलवर थांबू नका, मधुमेहात हा आकडा फसवतो. समजा एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड्स २४० आहेत. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: १८० वजा ३४, वजा २४०चा पाचवा भाग म्हणजे ४८. उरले ९८. छान वाटतं! आता पेन घ्या आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. येतात १४६. हे नॉन-एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ सोडून बाकीचं सगळं कोलेस्टेरॉल, ते १३०च्या खाली हवं होतं. इन्सुलिनचं काम नीट होत नसलं की यकृत चरबीचे जास्त कण रक्तात सोडतं, एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण बारीक, घट्ट होतात. म्हणून ही वजाबाकी प्रत्येक रिपोर्टवर करा.

ट्रायग्लिसराइड्स १५०च्या वर असतील तर आधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघा. शुगर आटोक्यात आली की तेही बरेच उतरतात. थायरॉइडचीही तपासणी करून घ्या. ५००च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, लगेच डॉक्टरांना दाखवा.

स्वयंपाकघरात तेल मोजा: माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका, कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच म्हणा ना. ट्रायग्लिसराइड्ससाठी साखर, मैदा, भाताचा दुसरा वाढा आणि उपासाची साबुदाणा खिचडी कमी करणं जास्त कामाचं.

चाळिशीनंतर मधुमेहींना रिपोर्ट बरा असला तरी डॉक्टर बहुधा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करतात. तिनं शुगर किंचित वाढू शकते, पण हृदयाला होणारा फायदा कितीतरी मोठा आहे. आकडे उतरले म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. ते गोळीमुळेच उतरलेले असतात. अंग फार दुखलं किंवा लघवी गडद झाली तर मात्र लगेच कळवा. गोळी सुरू झाल्यावर एक ते तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.