तोंडातल्या लायकेन प्लॅनससाठी लेझर घ्यायला जाताय? आधी हे वाचा

आधी बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणं, मग लेझर. हा क्रम कुणालाही उलटा करू देऊ नका. गालाच्या आत दोन्ही बाजूंना जाळीदार पांढऱ्या रेषा आणि मध्ये लाल चट्टा दिसला की डॉक्टर लायकेन प्लॅनस म्हणतात, म्हणजे तोंडाच्या आतल्या त्वचेला सूज आणणारा, लांबत जाणारा आजार. पण आपल्याकडे तंबाखू-मिश्री घराघरात, आणि त्यानेही पांढरे चट्टे पडतात. म्हणून आधी तपासणी, कारण कॅन्सरच्या दृष्टीने संशयास्पद पेशी असतील तिथे हा लेझर वापरत नाहीत. या आजारातून कॅन्सर होण्याचं प्रमाण साधारण १ टक्का आहे, म्हणून बरं वाटलं तरी अधूनमधून तोंड दाखवत राहायचं.

पहिला उपचार स्टिरॉइडच्या मलमाचाच. मलाही ट्रायमसिनोलोन दिलं होतं. आग कमी झाली, पण तोंडात बुरशी धरली, तेव्हा डॉक्टरांनी लेझर सुचवला. तो एरवीही मलमाच्या जोडीला देतात.

यात कापणं, जाळणं काही नाही. साधारण ६३० ते ९८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाचा डायोड लेझर, ताकद अगदी कमी. उजेड पेशींतल्या मायटोकाँड्रियात (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागात) शोषला जातो आणि सूज, दुखणं उतरायला मदत होते. मात्र तेच मशीन जास्त ताकदीवर ठेवलं तर मांस कापतं; म्हणून ‘कमी ताकदीचाच ना?’ हे बिनधास्त विचारा.

जायच्या दिवशी मलम लावू नका. बीपीच्या आणि दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, कारण काही गोळ्यांनीही असेच चट्टे उठतात. चट्ट्याला चिकटून दाढेत चांदी भरलेली असेल तर तेही दाखवा. खुर्चीत बसल्यावर डॉक्टर, मदतनीस आणि तुम्ही, तिघांच्याही डोळ्यांवर लेझरपासून वाचवणारा चष्मा हवा. मग गॉजने गाल कोरडा करतात आणि लेझरचं टोक एकेका जागी थोडा वेळ धरतात. भूल लागत नाही. मला तर काही जाणवलंच नाही. पैसे कशाचे दिले, असं वाटलं!

बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक-दोनदा, काही आठवडे बोलावतात. आमच्यासारखं यावलहून एसटीने जळगाव गाठायचं असेल तर सगळ्या तारखा आणि एकूण खर्च पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

खरी पंचाईत जेवणाची. शेवभाजीची तर्री आणि ठेचा बंद. भरितासाठी वांगी भाजली की मिरच्या कुटून घालायच्या आधीच माझा वाटा बाजूला काढते. शेंगदाणे वगळून नुसतं मीठ-तेल. जाऊबाई नाक मुरडतात, मुरडू देत. कळण्याच्या भाकरीच्या कडा टोचतात, मधला भाग वरणात कुस्करायचा. केळी मात्र पोटभर खा. टूथपेस्ट सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं रसायन) नसलेली, पुदिना-दालचिनीच्या चवीची नको.

दर वेळी जाण्याआधी आग ० ते १० मध्ये किती, ते वहीत टिपा आणि घरच्या कुणाकडून टॉर्च लावून गालाचा फोटो काढून घ्या. पांढऱ्या रेषा राहतील, त्या पुसायच्या मागे लागू नका. आकडा उतरतोय का, तेवढं बघा. सगळ्या तारखा संपूनही उतरला नाही तर पुढचे पैसे भरण्याआधी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.