फेंडर आधी बसवून बघा, मग रंगवा

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपात डावी बाजू गेलेल्या गाड्या यायला लागतात. अंधारात पुढं उसाची ट्रॉली, मागं रिफ्लेक्टर नाही, दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. गाडी उजवीकडं काढून माणसं वाचतात; डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बंपरचा कोपरा आणि हेडलाइट जातो. पार्ट बदलायचा ठरला की मालकाचा पहिला प्रश्न असतो, "रंग मॅच होईल ना?" होतो. पण त्याच्या आधी फिटिंगचं काम असतं आणि त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. नवा पार्ट रंगवायच्या आधी एकदा गाडीवर बसवून दाखवायला सांगा.

विम्याचा क्लेम करणार असाल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एक नटही खोलू देऊ नका. झिरो डेप (पार्टच्या झिजेपोटी पैसे न कापणारी पॉलिसी) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के कापतात. पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणं कपात असते: दुसऱ्या वर्षात १० टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रंगाच्या मटेरियलवरही ५० टक्के जातात. रंग आणि मजुरीचं बिल एकत्र असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के मटेरियल धरतात. नुकसान एका बंपरपुरतंच असेल तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती जाणार याचा हिशेब आधी करा.

पार्ट मागवताना चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलचा फेंडर साल बदललं की बदलतो, कुठं इंडिकेटरचं भोक असतं, कुठं नसतं. कंपनीचा फेंडर काळ्या किंवा करड्या अस्तरात (प्रायमरमध्ये) येतो. ते अस्तर चांगलं असतं, खरवडून पत्रा उघडा करायचा नाही, फक्त घासून खरखरीत करायचं. बाहेरच्या लोकल मालाचा पत्रा बऱ्याचदा पातळ असतो आणि भोकं एक-दोन मिलिमीटर इकडंतिकडं असतात. जुन्या बाजारातला पार्ट घेत असाल तर लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथं पकड ढिली पडते तिथं खाली पुट्टी भरलेली आहे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, फेंडर, बॉनेट, दरवाजे, डिकी हे बोल्टवरचे पार्ट आहेत, बदलायला सोपे. मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा) मात्र वेल्डिंगचा असतो, तो कापूनच काढावा लागतो. ठोकून निघण्यासारखा असेल तर कापू देऊ नका.

आता बसवून बघण्याचं. धडकेत नुसता फेंडर चेपत नाही, त्याच्या आतला एप्रन (चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा) आणि रेडिएटर सपोर्टही (रेडिएटर धरणारी चौकट) थोडा सरकतो. डोळ्याला ते दिसत नाही. रंगवलेला फेंडर थेट बसवायला घेतला की बोल्ट भोकात जात नाही, मग कुणीतरी गोल कानस घालतं, पहार लावून ओढतं, आणि कडेचा रंग तिथंच तडकतो. शिवाय रंगवलेला पार्ट दुकानदार परत घेत नाही.

फिटिंगचा क्रम मागून पुढं असतो. दरवाजा पक्का जागेवर असला पाहिजे, त्याच्या मापानं फेंडर, फेंडरच्या मापानं बॉनेट, मग हेडलाइट आणि सगळ्यात शेवटी बंपर. फेंडरचा एक बोल्ट दरवाजा उघडल्यावर बिजागरीच्या बाजूला सापडतो, एक खाली पायदानाजवळ, बाकीचे बॉनेटखाली ओळीनं. सगळे अर्धवट पिळायचे, फेंडर हातानं सरकवून फट जमवायची आणि मगच आवळायचे. फट मोजायला मी पट्टी वापरत नाही, उजव्या बाजूची शाबूत फट हेच माप. वरून खाली ती एकसारखी दिसली पाहिजे, आणि दारावरून फेंडरवर बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. दार तीन-चार वेळा उघडझाप करून बघा, कड घासत नाही ना. सगळं जमलं की बोल्टच्या डोक्याभोवती मार्करनं खूण करायची आणि फेंडर उतरवायचा. रंगानंतर तो त्याच खुणेवर परत बसतो.

बंपरचं दुखणं वेगळं. नवा बंपर फेंडरपाशी फाकलेला दिसला की लोक बंपरला दोष देतात. बहुतेक वेळा फेंडरच्या टोकाला असलेला प्लास्टिकचा छोटा ब्रॅकेट तुटलेला असतो. तो आणि क्लिपा पार्टच्या यादीतच लिहून घ्या. जुन्या क्लिपा पुन्हा ठोकल्या तर खड्ड्याच्या रस्त्यावर महिनाभरात बंपर बोलायला लागतो.

रंगाचा कोड बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराच्या खांबावर असतो. मारुतीचा सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड टू एस. पण कोड ही सुरुवात झाली. सांगलीच्या उन्हात सात-आठ वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कोडमधल्या रंगापासून सरकलेला असतो. म्हणून आधी शेजारचं दार पॉलिश करून घ्यायचं, मग मिक्सिंगवाल्यानं दिलेला रंग एका कार्डावर मारायचा, वर क्लिअरही (पारदर्शक चमकीचा थर) मारायचा, कारण क्लिअरशिवाय रंग फिका आणि वेगळा दिसतो. वाळलेलं कार्ड दाराला लावून बाहेर उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. समोरून बघा, मग बाजूनं तिरकं बघा. सिल्व्हर समोरून जुळतो आणि तिरका बघितला की काळपट पडतो, तिथंच फसगत होते.

चमकीच्या रंगात कार्ड जुळलं तरी मी फेंडरचा रंग दाराच्या पुढच्या अर्ध्या भागात विरवत नेतो आणि क्लिअर अख्ख्या दारावर मारतो. न ठोकलेल्या दाराचे पैसे कशाला, असं मालकाला वाटतं. पण त्याशिवाय दोन पत्र्यांच्या जोडावर रंगाची रेघ दिसते. हे काम आधी ठरवून अंदाजपत्रकात लिहून घ्या.

मारण्याचा क्रम असा. फेंडर खाली असतानाच त्याच्या आतल्या कडा, दाराकडची घडी आणि बोल्टच्या जागा रंगवायच्या, नाहीतर दार उघडल्यावर काळं अस्तर दिसत राहतं आणि पुढं तिथूनच गंज धरतो. जिथं पत्रा उघडा पडला असेल तिथं इपॉक्सी अस्तर, त्यावर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारं अस्तर, मग ८०० नंबरचा पाणीपेपर. बेसचे (मूळ रंगाचे) दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर रंगाची ओली चमक जाईपर्यंत थांबायचं. वर क्लिअरचे दोन हात. बूथ असेल तर पत्रा ६० अंशाला अर्धा तास तापवतात. आमच्याकडं पावसाळ्यात हवा दमट असते आणि कॉम्प्रेसरच्या पाइपात पाणी धरतं. ते गनमधून आलं की रंगावर बारीक फोड येतात. जून ते ऑगस्टमध्ये काम असेल तर बूथ असलेलंच ठिकाण बघा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त पडतो, पण तो पॉलिश केल्याशिवाय चमकत नाही आणि लवकर मरतो. टू-के पीयू (पॉलियुरेथेन) रंगच मागा.

बंपर प्लास्टिकचा, त्याला पत्र्याचं अस्तर चालत नाही. साच्यातून निघताना त्यावर तेलकट थर राहिलेला असतो. तो साबणानं आणि स्कॉचब्राइटनं धुवून, सुकवून, प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात द्यायचा. हे टाळलं तर पहिल्या प्रेशर वॉशला रंगाचे पापुद्रे निघतात. पार्किंग सेन्सर बंपरच्या रंगाचे असतील तर त्यांच्यावर अगदी पातळ रंग, जाड थरानं ते चुकीचं वाजतात.

बंपर उतरवताना नंबरप्लेटचं सांगून ठेवा. हाय सिक्युरिटी प्लेटचे लॉक एकदाच बसतात, काढले की तुटतात. प्लेट तिच्या पट्टीसकट उतरवता येते का ते आधी बघायला लावा. रंग आरसीवर आहे तोच ठेवलात तर आरटीओकडं जायची गरज नाही, बदललात तर मात्र नोंद करावी लागते.

गाडी दुपारी उन्हात ताब्यात घ्या. बॉनेट पडताना आवाज कसा येतो ऐका, दुसरं लॉक हातानं तपासा. चाकावरचं प्लास्टिकचं लायनर परत बसलंय का, हॉर्न आणि फॉगलाइटच्या वायरी जोडल्यात का, एअरबॅगचा दिवा चालू करताना लागून विझतो का, ते बघा. त्या बाजूचा हेडलाइट रात्री भिंतीवर मारून दुसऱ्याच्या उंचीशी जुळवा. आठवडाभर गाडी धुऊ नका, कव्हर घालू नका, आणि वॅक्स किंवा कोटिंग निदान महिनाभर लांब ठेवा. पक्ष्याची विष्ठा पडली तर मात्र वाट बघू नका, लगेच पाणी ओतून काढा.